वाचकांचे प्रश्न : वस्तीत जाताना पिशवीत बायबल असावं का?

या वेळच्या टपालात समाजकार्य शिकणाऱ्यांची आणि ख्रिस्ती संस्थांत इंटर्नशिप करणाऱ्यांची पत्रं बरीच होती. त्यातली सहा निवडली आहेत. उत्तरं मुंबईच्या वस्त्यांमधलं काम जवळून माहीत असलेल्या आमच्या सल्लागारांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : गोवंडीतल्या एका वस्तीत ख्रिस्ती संस्थेतर्फे माझी सहा महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे. पहिल्याच आठवड्यात एका ताईंनी विचारलं, "तुम्ही आमचा धर्म बदलायला आलात का?" मी गडबडले आणि विषय बदलला. आता त्याच ताई म्हणतात, नवऱ्याच्या आजारपणासाठी प्रार्थना कर. करू का? आणि गल्लीतल्या मुलांनी अडवलं तर काय सांगू?

उत्तर : विषय बदललात, तिथेच संशयाला जागा मिळाली. पुढच्या भेटीत ती भरून काढा. नाव, संस्था, कामाचा विषय आणि कोणत्या महिन्यापर्यंत येणार, या चार गोष्टी ओळख देतानाच सांगायच्या. धर्म विचारला तर "हो, मी ख्रिस्ती आहे, संस्थाही ख्रिस्ती आहे, पण हे काम सगळ्यांसाठी आहे आणि त्यासाठी कुणी काही मानायची गरज नाही" एवढं पुरे. संस्थेच्या नावातला 'ख्रिस्ती' शब्द गाळून ओळख करून देणारे इंटर्न असतात. महिनाभराने पावतीवर किंवा बॅनरवर ते नाव दिसतंच, आणि मग लपवालपवीचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतात.

कामाच्या पिशवीत पत्रकं, शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका नकोत. स्वतःच्या वाचनाचं बायबल लोकलमध्ये वाचा, वस्तीत ते पिशवीतच राहू द्या. गळ्यात रोज क्रूस घालत असाल तर तसाच राहू द्या. फक्त फील्डसाठी म्हणून घालू नका आणि फील्डसाठी म्हणून काढूही नका.

प्रार्थनेबद्दल. ती त्यांनी मागितली आहे, तुम्ही सुचवलेली नाही, हा फरक मोठा आहे. तरी क्रम पाळा. आधी आजाराचं काम करा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे का, वजन उतरलंय का, संध्याकाळी ताप येतो का, हे विचारा आणि तसं असेल तर क्षयाच्या शंकेने महापालिकेच्या दवाखान्यात बेडका तपासायला पाठवा. जमलं तर सोबत जा. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि साधा क्षय असेल तर ते सहा महिने घ्यावं लागतं. महिना-दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि लोक गोळ्या सोडतात, घोटाळा तिथेच होतो. त्यामुळे प्रार्थनेनंतर बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद झाल्या, असं तुमच्या हातून कधीही होता कामा नये. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा आणि मग प्रार्थना करा. त्यांच्याच घरात, दोन-तीन वाक्यांची, साध्या मराठीत किंवा हिंदीत. शेजारपाजारच्यांना बोलावू नका, न विचारता कुणाच्या डोक्यावर हात ठेवू नका. प्रार्थना केल्याची नोंद कामाच्या अहवालात आकडा म्हणून जाता कामा नये. सुपरव्हायझरला मात्र त्याच दिवशी सांगा.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य आहे. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलं. तुमच्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. रेशनची पिशवी, शाळेची फी, औषध यांच्या जोडीने प्रार्थनेचं आमंत्रण जाऊ नये. बचत गटाची बैठक तुमच्या प्रार्थनेने सुरू करू नका. बायकांना त्यांच्या रीतीने सुरुवात करायची असेल तर शांत बसा.

मुलांनी अडवलं तर वाद घालू नका, मोबाइल काढून शूटिंगही करू नका. कॉलेजचं ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र दाखवा, वस्तीतल्या ज्यांच्यामार्फत आलात त्यांचं नाव सांगा आणि तरीही आवाज चढले तर निघून या. दुसऱ्या दिवशी एकट्या जाऊ नका, अंगणवाडी सेविका किंवा वस्तीतली कार्यकर्ती बरोबर घ्या.

कुणी प्रसाद दिला तर? यावर आमच्यातच दोन मतं आहेत. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल बायबलमधल्या, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातही बरीच चर्चा आहे आणि त्यातून दोन्ही बाजूंचे लोक आपापला अर्थ काढतात. तुमची सद्सद्विवेकबुद्धी सांगेल तसं करा. नाही म्हणायचं तर हात जोडून म्हणा, तोंड वाकडं करून नको. चहाला मात्र नाही म्हणू नका, तिसऱ्या घरात पोटाला कितीही तडस लागली तरी. अर्धा कप मागा.

प्रश्न : मी ४०० घरांच्या वस्तीत ५० घरांचा पाण्याचा सर्व्हे केला. सुपरव्हायझरने फॉर्म बघून "यातून काही कळत नाही" म्हणून परत दिले. तीन आठवडे वाया गेले. चुकलं कुठे?

उत्तर : फॉर्म पाहिल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही, पण अशा सर्व्हेत चुका बहुधा ठरलेल्या जागी होतात.

पहिली चूक घरं निवडण्यात. सकाळी अकराला जी दारं उघडी दिसली तिथे शिरायचं, असं केलं तर घरकामाला गेलेल्या बायका सुटतात आणि घरी बसून मणी ओवणाऱ्या, जरीकाम करणाऱ्या तेवढ्या भेटतात. ४०० भागिले ५० म्हणजे दर आठवं घर. एक ते आठ आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका. तीन आला तर तिसरं, अकरावं, एकोणिसावं, असं उजव्या हाताची भिंत धरून चालत जा. कुलूप असेल तर वेगवेगळ्या वेळी दोनदा परत जा. एकदा संध्याकाळी सातनंतर, एकदा रविवारी. तरीही बंद असेल तर 'बंद' लिहा, शेजारच्या घराचा फॉर्म त्या जागी घुसवू नका.

दुसरी चूक 'घर' कशाला म्हणायचं याची. खाली मालक, लोखंडी शिडीने वर गेलं की माळ्यावर भाडेकरू. दरवाजा एक, पण चुली दोन. चूल मोजा. पाण्याचा खरा त्रास माळ्यावरच्यांना असतो, आणि त्यांच्या वतीने उत्तर खालचा मालक देऊन मोकळा होतो.

तिसरी चूक प्रश्नाची. "पाणी मिळतं का?" याला "हो" किंवा "कुठे मिळतं!" याखेरीज काय येणार? काल किती वाजता आलं, किती वेळ होतं, किती हंडे किंवा ड्रम भरले, भरायला कोण उठलं, पैसे कुणाला आणि किती दिले, असं कालच्या दिवसाचं विचारा. मोठा निळा ड्रम साधारण २०० लिटरचा असतो. हंडा घरोघरी वेगळा, म्हणून एकदा बाटलीने मोजून घ्या. शेजारी मोटर लावतात का, हे शेवटी विचारा, सुरुवातीला विचारलंत तर पुढची उत्तरं आटतात. पाणी येतं त्या वेळी, पहाटे चार असले तरी, एकदा स्वतः गल्लीत उभं राहा. नळाला लावलेली पाइप, रांगेतल्या कळशा, गटाराच्या पाण्यातून गेलेली जोडणी हे कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही.

फॉर्म काढला की लोकांना वाटतं काहीतरी मिळणार, मग उत्पन्न कमी आणि माणसं जास्त लिहिली जातात. म्हणून सुरुवातीलाच सांगा की या कागदावर काही मिळणार नाही. आधारची झेरॉक्स घेऊ नका, तुम्हाला तिचा उपयोग नाही आणि ती हरवली तर त्यांना ताप आहे. वीस मिनिटांहून लांब फॉर्म शेवटी घाईत भरला जातो. आधी पाच घरांत चाचणी घ्या, रोज संध्याकाळी त्या दिवसाचे फॉर्म तपासा आणि दहातला एक फॉर्म दुसऱ्या इंटर्नकडून पुन्हा विचारून घ्या.

यरुशलेमचा पडलेला तट पुन्हा बांधून घेणाऱ्या नहेम्याच्या बायबलमधल्या पुस्तकाचा दुसरा अध्याय तुम्ही उपासनेत ऐकला असेल. यरुशलेमात पोचल्यावर तो तीन दिवस गप्प आहे. मग रात्री मोजकी माणसं घेऊन पडलेला तट आणि त्याच्या वेशी बघत फिरतो. एके ठिकाणी त्याच्या जनावराला पुढे जायला वाट नाही, तेही लिहून ठेवलं आहे. अधिकाऱ्यांना त्याने अजून काही सांगितलेलं नाही. त्या वेशींमध्ये एक उकिरड्याची वेस आहे. गोवंडीजवळचं देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं आहे, त्यामुळे गोवंडीकरांना ती वेस समजावून सांगावी लागत नाही. तिसऱ्या अध्यायात कोण कुठला तुकडा बांधतोय याची यादी आहे, आणि त्यातले बरेच जण आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधतात. हा अध्याय कंटाळवाणा म्हणून गाळला जातो. सर्व्हे करणाऱ्याने तो गाळू नये.

प्रश्न : आमच्या मंडळीतले (चर्चमधले) वडीलधारे म्हणतात, "हे नळ, रेशनकार्ड सरकारचं काम. सुवार्ता सांगत नसाल तर ख्रिस्ती कशाला म्हणवता?" त्यांना काय उत्तर द्यावं? (भायखळा)

उत्तर : वादात जिंकायचं असेल तर आमच्याकडे उत्तर नाही. माहिती देता येईल.

तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर नागपाडा आहे. तिथल्या नेबरहुड हाउस या वस्तीतल्या सेवाकेंद्रात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचे क्लिफर्ड मॅन्शार्ट काम करत होते. गिरणी आणि गोदी कामगारांच्या भागात रोज काम केल्यावर, नुसती सदिच्छा पुरत नाही, माणसं शिकवून तयार करावी लागतात, अशी त्यांची भूमिका झाली. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क नागपाड्यात सुरू झालं, त्याचे ते पहिले संचालक. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. त्यांच्या या शाळेवर धर्मांतराचे आरोप झाले, मोठा गदारोळ उठला. तो वाद आजच्या इंटर्नने मुद्दाम वाचावा, दोन्ही बाजूंनी. दुष्काळात मिशनच्या दारी गेलेल्यांना "पोटासाठी बाटले" म्हणून हिणवलं गेलं, आणि ते शब्द काही घरांनी पिढ्यान् पिढ्या ऐकले. मदत आणि धर्म यांची गाठ बांधली की ओझं घेणाऱ्याच्याच डोक्यावर येतं.

वडीलधाऱ्यांशी बोलताना, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन्याची बायबलमधली गोष्ट कामाची पद्धत म्हणून वाचून दाखवा. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात त्याने काय केलं ते बघा. जखमेवर तेल आणि द्राक्षारस घातला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. वर आणखी खर्च झाला तर परत येताना देईन, असा शब्दही दिला. म्हणजे प्रथमोपचार, वाहन, योग्य ठिकाणी पाठवणं, पैशाची सोय आणि पाठपुरावा. जखमी माणसाचा धर्म त्याने विचारला नाही आणि स्वतःचाही सांगितला नाही. याला सुवार्ता म्हणायचं की नाही, ते वडीलधाऱ्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : नाताळनिमित्त आमच्या धर्मग्रामातली (पॅरिशमधली) तरुण मंडळी शेजारच्या वस्तीत कुपोषित बाळांना दूधपावडरचे डबे वाटणार आहेत. वर्गणी जमली आहे. डबे कुठून स्वस्त मिळतील? (मालाड)

उत्तर : डबे घेऊ नका. दोन वर्षांखालच्या बाळांची दूधपावडर आणि दुधाच्या बाटल्या कुणालाही दान म्हणून वाटायला १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, अपवाद अनाथाश्रमांचा. मनाईला कारण आहे. डबा महिनाभर पुरवायचा म्हणून आई चमचे कमी टाकते, पाणी ड्रममधलं असतं, बाटली नीट उकळली जात नाही. बाळाला जुलाब लागतात. अंगावर पाजणं कमी झालं की दूधही आटतं, आणि जानेवारीत डबा संपलेला असतो.

कुपोषित कोण हे नजरेने ठरवू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दंडाचा घेर मोजायची पट्टी असते, अंगणवाडी सेविकेकडे मिळेल आणि मोजायचंही तिच्यासोबतच. डावा हात, बाही पूर्ण काढलेली. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. मग हात सरळ, सैल सोडायचा आणि खुणेवर पट्टी फिरवायची. कातडी दाबली जाईल इतकी घट्ट नको, खाली फट राहील इतकी सैल नको. मूल रडत, हात आवळत असेल तर थांबा, आवळलेल्या हाताचं माप जास्त येतं. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघा. दोन्हीकडे खळगा राहिला तर माप काहीही असो, त्याच दिवशी दवाखाना.

तीव्र कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायला सांगतात, आणि आई नाही म्हणते. कारण मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा, तिची चार घरची कामं सुटणार, धाकटं-थोरलं कुणाकडे ठेवायचं? तुमची वर्गणी इथे लावा. रिक्षाभाडं, बुडलेल्या दिवसांचे पैसे, घरी राहिलेल्या भावंडांना शेजारणीने जेवू घालण्याची सोय. उरलेल्यातून मध्यम कुपोषित मुलांच्या घरी अंडी, शेंगदाणे, तूरडाळ, तेल द्या, एकदाच नाही, तीन महिने दर पंधरवड्याला. फोटो काढू नका. बारीक झालेल्या पोराच्या शेजारी सांताची टोपी घातलेला तरुण, असे फोटो दर डिसेंबरला फिरतात.

प्रश्न : अभ्यासवर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलीने नातेवाइकाबद्दल काहीतरी भयंकर सांगितलं. मी आमच्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारलं. ते म्हणाले, घाई नको, प्रार्थना करू, कुटुंबाला समेट करू दे.

उत्तर : हे वाचेपर्यंत थांबला असाल तर आता थांबू नका. १०९८ किंवा ११२ ला फोन करा किंवा पोलीस ठाण्यात जा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात पाळक, फादर, इंटर्न सगळे आले. न कळवणं हाच गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. संस्थेच्या बालसुरक्षा जबाबदार व्यक्तीला सांगा, पण तिच्या परवानगीची वाट पाहू नका.

मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, "तू सांगितलंस ते बरं केलंस, मी मदत करणाऱ्या माणसांना सांगणार आहे" म्हणा. त्या नातेवाइकाला जाब विचारायला जाऊ नका, तो मुलीला गावी पाठवून देईल. घटना तीन दिवसांच्या आतली असेल तर वैद्यकीय तपासणीला एक तासही उशीर नको. तक्रार नोंदली गेली नसली तरी तपासणी करता येते, आणि मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते. क्षमा, समेट हे शब्द या प्रकरणात मुलीच्या जवळपासही फिरकू देऊ नका. प्रार्थना फोन केल्यानंतर करा.

प्रश्न : एप्रिलअखेर माझी इंटर्नशिप संपते. बारा जणींचा बचत गट माझ्यावर अवलंबून आहे. शिवाय सध्या दर रविवारी बैठका असल्याने उपासना चुकते. (मानखुर्द)

उत्तर : रविवारचं आधी, कारण ते सोपं आहे. घरकामगार बायकांना रविवार दुपारच मोकळी असते, म्हणून बैठक हलवायचा हट्ट धरू नका. कॅथलिक असाल तर शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत संध्याकाळची उपासना शोधा. आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस सुट्टीचा लेखी ठरवून घ्या.

आता गट. तो तुमच्यावर अवलंबून आहे हे तुम्ही किंचित अभिमानाने लिहिलं आहे. आमच्या मते ती त्या कामातली गळती आहे. वह्या उघडून बघा, अक्षर कुणाचं आहे? ठराव वही, रोख वही, खातेवही तिन्ही तुमच्या अक्षरात असतील तर आठ आठवडे आधी पेन सोडा. पहिले दोन आठवडे एकीने बोलायचं आणि दुसरीने लिहायचं, तुम्ही शेजारी. सहावी-सातवी शिकलेली एक आणि आकडे तोंडपाठ ठेवणारी एक, अशी जोडी चांगली चालते.

सगळ्यात जास्त चूक व्याजात होते. समजा एकीने ६,००० रुपये दरमहा दोन टक्क्यांनी घेतले आणि महिन्याला १,००० मुद्दल फेडते. पहिल्या महिन्यात व्याज १२०, दुसऱ्यात उरलेल्या ५,००० वर १००, मग ८०, ६०, ४०, २०. एकूण ४२०. पण लिहिणारी दर महिन्याला मूळ ६,००० वरच १२० लावत गेली तर ७२० होतात. ३०० रुपये जास्त. वर्षाअखेर ते लक्षात येतं, आणि भांडण ज्या बाईने प्रामाणिकपणे वही लिहिली तिच्याशी होतं. हे उदाहरण खडूने फरशीवर लिहून तिघींकडून करून घ्या. दर बैठकीत पेटीतले पैसे मोठ्याने मोजायचे, रोख वहीच्या शिलकीशी जुळवायचे, दोघींनी सही करायची. जुळलं नाही तर त्याच दिवशी शोधा, स्वतःच्या खिशातून दहा रुपये घालून जुळवू नका. इंटर्न मंडळी हे नेहमी करतात, आणि दयाळूपणा म्हणून करतात.

अर्धवट राहिलेल्या कामांची यादी करा. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा जन्मदाखला, अर्जाची पावती कुणाकडे, पुढची तारीख कोणती. पावत्यांची मूळ प्रत घरच्यांना परत द्या, तुमच्या फाइलमध्ये नको. जाण्याची तारीख महिनाभर आधी सांगा. "मी येत राहीन" म्हणू नका, परीक्षा सुरू झाल्या की तुम्ही येणार नाही.

निरोपाला त्या तुमची ओटी भरतील. ख्रिस्ती म्हणून संकोच वाटेल. ज्यांना आपल्या श्रद्धेमुळे नकोच वाटतं त्यांनी नारळ हातात घेऊन नमस्कार करावा, बाकीच्यांनी पदर पुढे करायला हरकत नाही. साडी किंवा रोख पाकीट मात्र घेऊ नका, ते गटाच्या पैशातून आलेलं असू शकतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिन तुम्हीच असणार. शेवटच्या बैठकीतच दोघींना अ‍ॅडमिन करा आणि स्वतः ग्रुपमधून बाहेर पडा, नाहीतर जूनमध्ये रात्री अकराला हप्त्याचं भांडण तुमच्या मोबाइलवर येईल आणि तुम्ही ते सोडवायला बसाल.